श्रीशाहू छत्रपती आणि समतेचा पेच

शाळेच्या वादविवाद-मंडळात एक प्रश्न या ना त्या रूपाने वारंवार पुढे येतो. एक विद्यार्थी उठून सांगतो की, सर्व मनुष्ये समान असून केवळ जन्मामुळे कोणास अधिक व कोणास उणे मिळणे हा अन्याय होय. त्यावर प्रतिपक्षाचा विद्यार्थी त्यास अडवितो. जन्मावरून भेद करू नये असे जर तुझे म्हणणे, तर मागासलेल्या जातींकरिता जागा राखून ठेवाव्या हे तू कोणत्या तोंडाने सांगतोस? विशेष हक्क वाईट म्हणावयाचे आणि पुन्हा विशेष हक्कच मागावयाचे, हा वदतोव्याघात नव्हे काय? सभेत टाळ्या पडतात, अध्यक्ष घंटा वाजवितात, आणि प्रश्न होता तेथेच राहतो. घरी गेल्यावर तोच प्रश्न जेवणाच्या पानावर पुन्हा निघतो. कारण कित्येक घरांत मुलाच्या प्रवेशाची किंवा नोकरीची काळजी त्याच्याशी जोडलेली असते.

असला प्रश्न नुसत्या शब्दांच्या खटाटोपाने सुटत नाही. ज्याच्या हाती खरी सत्ता होती, ज्याने ती समतेसाठी वापरण्याचा यत्न केला आणि ज्याच्यावर हाच आक्षेप जन्मभर घेण्यात आला, अशा एखाद्या पुरुषाचे चरित्र पाहावे, म्हणजे आक्षेपातील खरे किती व वरवरचे किती हे कळू लागते. कोल्हापूरचे श्रीशाहू छत्रपती महाराज हे असे पुरुष होते.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळचे नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे व मातोश्री राधाबाई. त्या काळी कोल्हापूरच्या गादीवर दुर्दैवाचे सावट होते. छत्रपती चौथे शिवाजी महाराज १८८३ मध्ये अहमदनगर येथे निपुत्रिक वारले. त्यांच्या राणीसाहेब आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांस दत्तक घेतले व त्यांचे नाव शाहू असे ठेविले. दहाव्या वर्षाच्या आत हा मुलगा एका जहागिरदाराच्या वाड्यातून उठून शिवछत्रपतींच्या वंशाच्या गादीचा धनी झाला. यात त्याचे स्वतःचे कर्तृत्व काहीच नव्हते. पुढे ज्याने जन्मसिद्ध श्रेष्ठत्वावर एवढे प्रहार केले, त्याच्या हाती ते प्रहार करण्याचे सामर्थ्य आले तेही कुळ आणि दत्तविधान यांच्याच योगाने. हा पहिला पेच वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याच्याकडे आपणांस पुन्हा वळावयाचे आहे.

महाराजांचे काही शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात व पुढील धारवाड येथे सर स्टुअर्ट फ्रेजर यांच्या देखरेखीखाली झाले. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. देहाने ते धिप्पाड, बोलण्यात रोखठोक आणि शिकारीचे व मल्लविद्येचे मोठे शौकीन होते. कोल्हापुरातील खासबागेचे कुस्त्यांचे मैदान त्यांनीच बांधविले. अल्लादियाखाँसाहेबांसारख्या थोर गवयास त्यांनी दरबारी आश्रय दिला. शाहूपुरीची बाजारपेठ वसविली, कापडाची गिरणी काढली, आणि भोगावती नदीवर राधानगरीच्या धरणाचे काम आरंभिले. दुष्काळ व प्लेग यांच्या साथींत ते प्रजेमध्ये स्वतः हिंडले. एवढ्यानेही त्यांचे नाव चांगल्या संस्थानिकांत गणले गेले असते. परंतु त्यांची खरी कीर्ती निराळ्या कार्याने झाली.

गादीवर येताच महाराजांनी आपल्या राज्याची नोकरदारी न्याहाळली. १८९४ मध्ये मुलकी कारभारातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते, व कारकुनीच्या सुमारे ५०० जागांत ब्राह्मणेतर अवघे १० होते. राज्यातील बहुसंख्य प्रजा शेतकरी, कारागीर व अस्पृश्य मानलेल्या जातींची. ती कर भरी. पण तिच्या अर्जावर निर्णय देणारा, तिची जमीन मोजणारा व तिचा हिशेब ठेवणारा मनुष्य तिच्यापैकी क्वचितच असे. यात कोणा एका अधिकाऱ्याचा दोष होता असे म्हणता येणार नाही. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या लेखन-वाचन होते, त्या घरांतील मुले परीक्षांत वर येत, आणि वर आलेला मनुष्य आपल्या ओळखीच्यांस हाताशी धरी. नियमाच्या पुस्तकात कोणास मज्जाव नव्हता. तरी दार बहुतेकांस बंदच होते. महाराजांनी भास्करराव जाधव यांच्यासारख्या सुविद्य मराठा तरुणास १८९५ मध्ये मोठ्या अधिकाराच्या जागेवर घेतले, व आपले पूर्वीचे शिक्षक प्रभू जातीचे रघुनाथराव सबनीस यांस पुढे दिवाण केले. परंतु एकदोन नेमणुकांनी पालट होण्यासारखी ती स्थिती नव्हती.

इतक्यात वेदोक्ताचे प्रकरण उद्भवले. १८९९ साली कार्तिक महिन्यात महाराज पहाटे पंचगंगेवर स्नानास जात असत. तेथे पुरोहित जे मंत्र म्हणत ते वेदांतील नसून पुराणांतील आहेत, ही गोष्ट बरोबर असलेल्या राजारामशास्त्री भागवतांनी महाराजांच्या नजरेस आणिली. हे शास्त्रीबोवा स्वतः ब्राह्मण होते, हे विसरता कामा नये. वेदोक्त विधी क्षत्रियांस मिळतात, शूद्रांस पुराणोक्तच, अशी रूढी होती. म्हणजे ज्या घराण्याच्या मूळ पुरुषास राज्याभिषेक झाला, त्या घराण्याच्या छत्रपतीस त्याचाच पगारी पुरोहित शूद्र समजत होता. महाराजांनी वेदोक्ताचा आग्रह धरिला. राजोपाध्यांनी नकार दिला. नारायणशास्त्री सेवेकरी यांनी मात्र राजवाड्यात वेदोक्त विधी चालविले. महाराजांनी चौकशी-समिती नेमली, तिने राजघराण्याचा वेदोक्ताचा अधिकार मान्य केला, आणि तरीही राजोपाध्ये हट्ट सोडीनात तेव्हा १९०२ मध्ये त्यांची इनामे जप्त झाली. सर्व महाराष्ट्रात वादळ उठले. केसरीने महाराजांच्या विरुद्ध लेख लिहिले, तक्रारी थेट व्हाइसरॉयपर्यंत गेल्या. परंतु महाराजांचा निर्णय कायम राहिला.

या प्रकरणाकडे आज शांतपणे पाहिले असता एक गोष्ट कबूल करावी लागते. महाराजांची ही पहिली मागणी समतेची नव्हती. मी क्षत्रिय आहे म्हणून मला क्षत्रियाचा मान द्या, असा तिचा अर्थ होता. तीत उच्चनीचतेची शिडी तशीच राहते. आपली पायरी तेवढी वर सरकते. ज्यास वेदोक्त नाकारणे हा अपमान वाटतो, त्याने खालच्या पायरीवरील कोट्यवधींनाही तोच अपमान होतो हे मान्य केले नाही, तर त्याचा युक्तिवाद खरोखरच स्वतःशी विसंगत ठरेल. विरोधकांनी वेदोक्ताच्या वेळी हे बोट ठेविले असते तर ते योग्य ठिकाणी पडले असते. पण त्यांचे म्हणणे ते नव्हते. शिडीची एकही पायरी हलू नये, असे त्यांस वाटत होते.

महाराजांच्या चरित्राचा विशेष हा की, ते या पायरीवर थांबले नाहीत. स्वतःच्या अपमानाची ठिणगी पडली, आणि तिच्या उजेडात त्यांस आपल्याहून खाली ढकललेल्या लोकांचे अपमान दिसू लागले. पुढील वीस वर्षांत त्यांनी जे केले, त्याची कसोटी हीच लावावी लागेल. जो न्याय आपणांस हवा तो ते खालच्यांस देत गेले की नाही?

प्रथम शिक्षण. १८९६ मध्ये सर्व जातींच्या विद्यार्थ्यांकरिता कोल्हापुरात एक वसतिगृह निघाले. हेतू उदार होता. पण खेड्यातील ब्राह्मणेतर मुले तेथे नाममात्रच राहिली. सर्वांस दार उघडे ठेविले म्हणजे सर्वजण आत येतात असे नाही, हा धडा महाराजांस येथे मिळाला. मग त्यांनी एकेका समाजाच्या पुढाऱ्यांस हाताशी धरून निरनिराळी बोर्डिंगे काढविली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व जैन बोर्डिंग, पुढे मुसलमान, लिंगायत, शिंपी, सारस्वत, प्रभू, हिंदी ख्रिस्ती इत्यादींची. आणि १९०८ च्या सुमारास अस्पृश्य विद्यार्थ्यांकरिता मिस क्लार्क बोर्डिंग. कोल्हापूर हे या बोर्डिंगांमुळे विद्यार्थ्यांचे माहेरघर बनले. खेड्यातून डोक्यावर वळकटी घेऊन आलेल्या किती मुलांस तेथे दोन वेळची भाकरी व दिव्याचा उजेड मिळाला!

येथेही आक्षेप निघाला, आणि तो हलका नव्हता. जातिभेद मोडावयाचा म्हणता आणि जातवार बोर्डिंगे काढता. याने जात पक्की होणार नाही काय? महाराजांस ही अडचण दिसत होती. परंतु त्या काळी एका पंगतीस सर्व जातींची मुले बसविण्याचा हट्ट धरिला असता, तर आईबापांनी मुलेच पाठविली नसती. प्रत्येक समाजाने आपल्या मुलांकरिता पैसा उभा करावा, सरकारने त्यास जमीन व साहाय्य द्यावे, आणि शिकून तयार झालेल्या पिढीने भिंती पाडाव्या, असा तो हिशेब होता. हिशेब सर्वांशी बरोबर आला असे कोणी म्हणू नये. शिकलेल्या पिढीने काही भिंती पाडल्या. काही ठिकाणी जातीच्या संस्थांचा अभिमानही धरिला. साधन म्हणून घेतलेली वस्तू साध्य होऊन बसण्याचे भय असतेच.

दुसरी गोष्ट नोकऱ्यांची. १९०२ मध्ये सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणानिमित्त महाराज इंग्लंडास गेले होते. केंब्रिज विद्यापीठाने त्यांस त्या वेळी एलएल. डी. ही सन्मानाची पदवी दिली. ते विलायतेत असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर संस्थानात एक जाहीरनामा निघाला. त्याअन्वये रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांकरिता राखून ठेवण्यात आल्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सर्व लोक मागासलेले समजावे, असा खुलासा त्यात होता. ज्या कचेरीत मागासलेल्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तेथे पुढील नेमणूक त्यांच्यातून करावयाची, आणि खातेप्रमुखांनी दर तीन महिन्यांनी नेमणुकांचा तक्ता पाठवावयाचा होता. हिंदुस्थानात अशा प्रकारचा हा अगदी आरंभीचा हुकूम होय.

या हुकुमावर जो गदारोळ झाला, त्यात आपल्या वादविवाद-मंडळातील आक्षेपाचे मूळ आहे. लायकी पाहा, जात पाहू नका, असे सुशिक्षित लोक म्हणू लागले. याविषयी एक गोष्ट कोल्हापुराकडे अजून सांगतात. सांगलीचे एक विद्वान वकील गणपतराव अभ्यंकर यांनी महाराजांपुढे हाच आक्षेप मांडला. महाराज काही न बोलता त्यांस घोड्यांच्या पागेत घेऊन गेले. तेथे प्रत्येक घोड्याच्या तोंडास त्याचा त्याचा चंदीचा तोबरा बांधलेला होता. महाराजांनी सर्व चंदी एका जाजमावर ओतून घोडे मोकळे सोडण्यास सांगितले. धष्टपुष्ट घोड्यांनी जाजमाला वेढा दिला, लाथा झाडल्या व चंदी फस्त केली. रोडकी शिंगरे दूर उभी राहून पाहत राहिली. ही गोष्ट अक्षरशः अशीच घडली असो वा नसो, महाराजांची विचारसरणी तीत बरोबर उतरली आहे.

आता आक्षेपाचा विचार करू. समतेचा सिद्धांत जर असा असेल की, कोणत्याही माणसामाणसांत कसलाही भेद करू नये, तर १९०२ चा हुकूम त्याच्याशी विसंगत आहे यात शंका नाही. परंतु तो सिद्धांत तसा आजवर कोणी पाळलेला नाही. आई आजारी मुलास पेज देते व निरोग्यास भाकरी. तिला कोणी पक्षपाती म्हणत नाही. वर्गात जो मुलगा गणितात कच्चा, त्यास शिक्षक शाळा सुटल्यावर थांबवून शिकवितात. हुशार मुलगा त्याबद्दल तक्रार करीत नाही. समतेचा खरा सिद्धांत असा मांडावा लागतो की, ज्याला कारण सांगता येत नाही असा भेद करू नये. विशेष हक्काचे लक्षण हेच की, तो आपले कारण सांगत नाही. मी अमुकाच्या पोटी जन्मलो एवढेच तो सांगतो, आणि आपला शेवट केव्हा व्हावा हे तर तो कधीच सांगत नाही. उलट १९०२ च्या हुकुमात कारण होते, मर्यादा होती आणि शेवटही होता. निम्म्या जागा मोकळ्या ठेविल्या होत्या, आणि ज्या कचेरीत प्रमाण निम्म्यावर गेले तेथे पुढील नेमणुकीची ती सक्ती आपोआप थांबणार होती. म्हणून या दोन्ही गोष्टींस विशेष हक्क हे एकच नाव देऊन एकीच्या खंडनाने दुसरीचे खंडन होते असे मानणे, हा शब्दांचा घोटाळा होय.

तथापि आक्षेप इतक्यानेच निकालात निघत नाही. एखाद्या गरीब भिक्षुकाचा मुलगा, घरी अन्नाची ददात असता दिव्याखाली शिकला, आणि त्यास जागा मिळाली नाही, तर त्याचे दुःख खरे होते. त्याच्या वर्गाकडे विद्या होती म्हणून त्याच्या घरी पैसा होता असे नव्हे. समूहाकडे पाहून केलेल्या उपायात एकेकट्या मनुष्यावर अन्याय होण्याचा संभव असतो, आणि जो समतेचे नाव घेतो त्याने ही गोष्ट झाकून ठेवू नये. प्रश्न एवढाच उरतो की, त्या एका मुलाचे नुकसान टाळण्यासाठी हजारो मुले पूर्वीप्रमाणे पागेबाहेर उभी ठेवावी काय? महाराजांनी आपले उत्तर दिले. ते उत्तर वादातीत नव्हते. पण स्वतःशी विसंगतही नव्हते.

महाराजांच्या मनाची सरळता त्यांच्या पुढील कृत्यांत अधिक स्पष्ट दिसते. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, आणि १९१८ मध्ये करवीर पेट्यातील चिखली गावी त्याचा आरंभ झाला. मूल शाळेस न पाठविणाऱ्या आईबापांस दरमहा एक रुपया दंड होता. येथे कोणत्याही जातीस वेगळी सवलत नव्हती. सर्वांच्या मुलांवर सारखीच सक्ती होती. पायाच्या ठिकाणी समान व्यवस्था झाली म्हणजे शिखरावर राखीव जागांचे कारण उरणार नाही, हे त्यांस ठाऊक होते.

१९१८ हे वर्ष तर या दृष्टीने फारच बोलके आहे. त्या वर्षी महाराजांनी कुलकर्णी-वतन बंद केले. गावचे हिशेब ठेवण्याचा वंशपरंपरागत अधिकार बहुशः ब्राह्मण घराण्यांकडे होता. त्याऐवजी पगारी तलाठी नेमिले, व या कामाकरिता अस्पृश्य तरुणांसही शिकवून तयार केले. येथपर्यंत पाहणारा म्हणेल की, हा ब्राह्मणांवरचा राग आहे. पण त्याच वर्षी त्यांनी महार-वतनही मोडले. महारांस गावाकडून थोडीशी जमीन असे व तिच्या मोबदल्यात त्यांच्या घरातील प्रत्येकास रात्रंदिवस गावाची व सरकारची पडेल ती कामे करावी लागत. ती जमीन महाराजांनी रयतावा करून त्यांच्या नावे केली व त्यांस त्या बंधनातून मोकळे केले. एक वतन मानाचे होते, दुसरे गुलामगिरीचे. परंतु जन्माने मनुष्याचा धंदा ठरवावा हे तत्त्व दोहोंत एकच होते, आणि ते तत्त्वच त्यांनी दोन्ही टोकांस तोडले. गुन्हेगार म्हणून शिक्का मारलेल्या जातींची रोजची हजेरीही त्यांनी त्याच सुमारास बंद केली, व त्यांतील लोकांस आपल्या पहाऱ्यावर घेतले. वेठीची पद्धतही पुढे बंद झाली.

परंतु महाराजांची खरी परीक्षा त्यांच्या स्वतःच्या पागेत झाली. गंगाराम कांबळे नावाचा महार जातीचा नोकर तेथे होता. मराठा नोकरांच्या पाण्याच्या हौदास त्याने स्पर्श केला म्हणून त्यास लोकांनी बेदम मारले. मारणारे कोण होते, हे पाहण्यासारखे आहे. ते मराठा होते, म्हणजे ज्यांना वेदोक्ताच्या प्रकरणात आपल्या महाराजांचा अपमान स्वतःचा वाटला असेल अशांपैकीच. महाराज परत आल्यावर गंगारामने आपली वळ उठलेली पाठ त्यांस दाखविली. महाराज संतापले. त्यांनी अपराध्यांस शिक्षा केली, गंगारामास नोकरीतून मोकळे करून स्वतःचा धंदा काढण्यास सांगितले व मदत दिली. त्याने शहरात चहाचे दुकान काढले. पण महाराच्या हातचा चहा घेण्यास कोण येणार? तेव्हा महाराज आपली गाडी त्या दुकानापुढे उभी करवीत, चहा मागवून स्वतः पीत, आणि बरोबरच्या मंडळींसही पाजीत. नदीकाठी ज्याला मंत्र नाकारला गेला होता, त्याने रस्त्यावर उभे राहून दुसऱ्याला नाकारलेले पाणी घेतले. वेदोक्ताच्या मागणीत जी उणीव होती, ती त्या चहाच्या पेल्याने भरून निघाली.

१९१९ मध्ये त्यांनी हुकूम काढले की, सरकारी शाळा, दवाखाने, विहिरी, धर्मशाळा व कचेऱ्या यांत अस्पृश्यांस इतरांप्रमाणेच वागवावे. त्यांच्याकरिता पूर्वी काढलेल्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांस सर्वांबरोबर बसविण्याची आज्ञा त्याच वर्षी झाली. विचारी वाचकांनी येथे थांबावे. आरंभी जी वेगळी सोय आवश्यक वाटली होती, ती काळ आल्याबरोबर महाराजांनी स्वतःच मोडली. वेगळेपणा हे साधन होते याचा याहून दुसरा पुरावा कोणता पाहिजे? पुनर्विवाह, आंतरजातीय विवाह, स्त्रियांचा छळ यांसंबंधीचे कायदेही याच काळातील. १९१८ मध्ये धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी शिकारीत अपघाताने वारले, तेव्हा बालवयात विधवा झालेल्या सुनेचे, इंदुमतीदेवींचे, शिक्षण महाराजांनी नेटाने चालविले.

मार्च १९२० मध्ये माणगाव येथे अस्पृश्य मानलेल्या समाजाची परिषद भरली. अध्यक्षस्थानी २८ वर्षांचे डॉ. भीमराव आंबेडकर होते. त्यांच्या मूकनायक पत्रास महाराजांनी पूर्वीच द्रव्यसाहाय्य केले होते. परिषदेस महाराज स्वतः आले आणि तुम्हांस तुमचा पुढारी तुमच्यातूनच लाभला आहे, अशा आशयाचे भाषण त्यांनी केले. राजाने प्रजेचा कैवार घेणे ही गोष्ट नवी नव्हती. पण आता तुम्हांस माझ्या कैवाराची गरज राहू नये असे राजाने म्हणणे, हे विरळा होय.

तरीही महाराजांच्या ठिकाणी विसंगती नव्हतीच असे सांगणे हा खोटेपणा होईल. १९२० मध्ये त्यांनी क्षात्रजगद्गुरूचे नवे पीठ स्थापिले व त्यावर सदाशिवराव बेनाडीकर या मराठा तरुणास बसविले. ब्राह्मण पुरोहितांच्या वर्चस्वातून सुटका व्हावी हा हेतू. परंतु ज्या सत्यशोधक मंडळींनी देव व भक्त यांच्यामध्ये कोणी मध्यस्थ नको असे शिकविले होते, त्यांतील काहींस एक जगद्गुरू घालवून दुसरा आणणे पसंत पडले नाही. त्यांचा आक्षेप बरोबर होता असे वाटते. तसेच, महाराजांचा कारभार अखेरपर्यंत एकमुखी राहिला. ज्यांच्या कल्याणाकरिता ते झटले, त्यांच्या हाती त्यांनी राज्याची सूत्रे दिली नाहीत. आणि त्यांचे स्वतःचे आसन इंग्रज सरकारच्या मर्जीवर अवलंबून होते.

तेव्हा आरंभीचा पेच पुन्हा पुढे येतो. जन्माने राजा झालेल्या मनुष्याने जन्मसिद्ध हक्कांविरुद्ध बोलावे काय? उत्तर असे की, बोलणाऱ्याच्या स्थितीवरून बोलण्याचा खरेपणा ठरत नाही. कर्जबाजारी मनुष्याने काटकसरीचा उपदेश केला तर आपण त्यास हसू. पण त्यामुळे काटकसर वाईट ठरत नाही. शिवाय, ज्याला ज्या व्यवस्थेपासून लाभ आहे त्यानेच तिच्याविरुद्ध साक्ष दिली, तर न्यायाधीश त्या साक्षीस अधिकच वजन देतो. महाराजांच्या तत्त्वाने त्यांच्या सिंहासनासही धक्का बसत होता, हे खरे. तो धक्का त्यांच्या हयातीत बसला नाही, पुढे बसला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे व मानमरातबही कायद्याने संपले. १९५० साली अंमलात आलेल्या राज्यघटनेने सर्व नागरिकांस समान संधी दिली, आणि तिच्या सोळाव्या कलमात त्याच संधीच्या शेजारी मागासलेल्या वर्गांकरिता जागा राखण्याची मुभाही ठेविली. घटनाकारांस ही दोन वाक्ये एकमेकांची वैरी वाटली नाहीत.

महाराजांची प्रकृती अखेरच्या वर्षांत खालावत गेली. ६ मे १९२२ रोजी मुंबई येथे, वयाची अठ्ठेचाळीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्यांचे देहावसान झाले. महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस, २६ जून, सामाजिक न्याय दिन म्हणून पाळण्यात येतो.

विद्यार्थीमित्रहो, आता पुन्हा आपल्या सभागृहात या. प्रतिपक्षाने वदतोव्याघाताचा आरोप केला, तर रागावू नका. तो आरोप कधी खोटा असतो व कधी खराही असतो. ज्याला स्वतःकरिता न्याय हवा व आपल्याखालच्याकरिता नको, त्याच्यावर तो अचूक बसतो, मग तो कोणत्याही जातीचा असो. ज्याने साधनाला साध्य केले, त्याच्यावरही तो बसतो. पण जो आपण मागितलेले दुसऱ्यास देतो, आपल्या मागणीचे कारण व शेवट सांगतो, त्याच्यावर तो बसत नाही. म्हणून व्यासपीठावरून उतरल्यावर प्रत्येकाने एवढेच पाहावे, आपल्या वर्गात, आपल्या पाण्याच्या मडक्यापाशी, आपल्या बाकावर, आपल्याखाली कोणी उभा आहे काय? पालकांनीही घरी हेच पाहावे. महाराजांस हे पाहावयास पंचगंगेच्या घाटापासून गंगारामच्या दुकानापर्यंत वीस वर्षे चालावे लागले. वाट आता ठाऊक झाली आहे. आपणांस तेवढा काळ लागण्याचे कारण नाही.